कंसात राहिलेली माणसे

विदर्भाच्या नकाशावर गावांच्या नावापुढे कंस पुष्कळ दिसतात. कुठे खुर्द, कुठे बुद्रुक, कुठे रेल्वे. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली, की पोस्टमनची आणि तलाठ्याची सोय म्हणून हे कंस पडतात. मात्र दोन कंस असे आहेत, की तिथे थांबावेच लागते. वर्धा जिल्ह्यात आष्टी (शहीद) आणि नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, टाकळी (भन्साळी). पहिल्या कंसात मेलेली माणसे आहेत. दुसऱ्यात एक गुजराती आडनाव आहे.

जवळच्याच खाप्याच्या माणसाला टाकळी काही परकी नाही. तालुका एकच, कचेरीच्या खेपाही सावनेरलाच. पण या भागातल्या एका गावाला भन्साळी हे नाव कसे चिकटले, हे आज तिथल्या शाळकरी पोराला विचारले तर तो बहुधा एवढेच सांगेल, की इथे एक महाराज राहत होते. ते खरेच आहे. जयकृष्ण भन्साळी गांधीजींच्या आश्रमातले. प्राध्यापकी सोडून साबरमतीला आलेले. मौनाचे व्रत चुकून मोडले म्हणून त्यांनी स्वतःचे ओठ तारेने शिवून घेतले होते, आणि कडुलिंबाच्या पाल्यावर अन् कच्च्या पिठावर त्यांनी महिनेच्या महिने काढले होते. स्वातंत्र्यानंतर ते टाकळीला येऊन राहिले. १९८२ मध्ये ते वारले.

या माणसाने १९४२ च्या हिवाळ्यात ६३ दिवस अन्न घेतले नाही. चिमूर नावाच्या एका गावात काय घडले याची चौकशी व्हावी आणि ते देशाला कळावे, एवढ्यासाठी. गाव पेटले होते, माणसे मेली होती, बायकांवर अत्याचार झाले होते. आणि या सगळ्याची बातमी छापायला बंदी होती. भन्साळी पत्रकार म्हणून तिथे गेलेले नव्हते. तरीही भूमिगत वृत्तपत्रसृष्टीच्या स्मरणाचा विषय त्यांच्यापासून सुरू करणे योग्य वाटते. कारण चिमूरची बातमी बाहेर कशी पडली हे शोधू लागले, की जी साखळी हाती येते तिच्या एका टोकाला चिमूरच्या घराघरांतल्या बायका आहेत, दुसऱ्या टोकाला मुंबईच्या गिरगाव-चौपाटीवर लपूनछपून ध्वनिक्षेपकापुढे बसलेली बावीस वर्षांची उषा मेहता आहे, आणि मधल्या बहुतेक कड्यांना नावेच नाहीत. हा लेख त्या कड्यांसाठी आहे.

आधी बंदीची गोष्ट. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. सरकार झोपेत नव्हते. भारत संरक्षण नियमांचा आधार घेऊन त्याच दिवशी वृत्तपत्रांना आदेश निघाला: काँग्रेसच्या चळवळीबद्दल आणि ती मोडण्यासाठी सरकार जे उपाय करील त्याबद्दल एकही बातमी छापायची नाही; छापायचीच तर ती सरकारी सूत्रांकडून आलेली, मान्य वृत्तसंस्थेने पाठवलेली किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद झालेल्या बातमीदाराची असली पाहिजे. शेवटची अट नीट वाचावी अशी आहे. बातमीदार कोण हे ठरवण्याचा अधिकार संपादकाकडून काढून कलेक्टरच्या टेबलावर नेला गेला. ज्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून गोळी झाडली जायची, त्याच्याच वहीत त्या गोळीबाराची बातमी देणाऱ्याचे नाव हवे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. ‘हरिजन’ बंद पडला तो थेट फेब्रुवारी १९४६ पर्यंत. लखनौच्या ‘नॅशनल हेराल्ड’ने दडपणाखाली निघण्यापेक्षा न निघणे पत्करले. बाकीची पत्रे चालू राहिली आणि त्यांना दोष देणे आज सोपे आहे. छापखाना जप्त झाला की खिळे जुळवणाऱ्यापासून घड्या घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल विझते, हे संपादकांना दिसत होते. शिवाय युद्धामुळे परदेशी कागद आटला होता. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. गोखल्यांच्या परंपरेतला इंग्रजी ‘हितवाद’ इथलाच, गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ इथलाच. प्रांतात मंत्रिमंडळ नव्हते. गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांच्या हाती कारभार होता. राजधानीतच गोळीबार चालले होते. मगनलाल बागडींच्या हिंदुस्थान लाल सेनेची पोरे पोलीस चौक्यांवर चालून जात होती. त्यांतल्याच शंकर महाले या तरुणाला १९ जानेवारी १९४३ ला नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली.

मग १६ ऑगस्टचा दिवस आला. नागपंचमी होती. आष्टीला मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी मेले; जमावाने फौजदार आणि शिपाई मारले. त्याच दिवशी तिकडे चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला प्रभातफेरी निघाली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तो परिसर आधीच भारलेला होता. पोलिसांच्या गोळीने बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला आणि गाव उसळले. उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसे जमावाच्या हातून मारली गेली. गावाकडे येणारे रस्ते अडवले गेले, झाडे आडवी पडली, आणि तीन दिवस चिमूरवर इंग्रजांचे राज्य नव्हते.

स्मरणाच्या लेखनात डुंगाजी आणि सोनवणे ही नावे पुष्कळदा गाळली जातात. ती गाळू नयेत. भूमिगत बातमीदारांचे मोठेपण ज्या गोष्टीत आहे ती गोष्टच मुळी ही, की झालेले झाले तसे सांगायचे. सरकारने आपल्या मेलेल्या माणसांची बातमी दिली आणि गावाची दडपली. तिला उत्तर म्हणून आज आपण गावाची द्यायची आणि त्या चौघांची दडपायची, हे त्या बातमीदारांच्या वारशाला धरून होणार नाही.

१९ ऑगस्टला लष्कर चिमूरमध्ये शिरले. पुरुष पकडून नेले गेले. त्यानंतर घरांत उरलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले ते इथे तपशिलाने लिहिण्याची गरज नाही; पण ते झाले हे त्या बायकांनी स्वतः सांगितले. १९४२ चे साल, खेडेगाव, घराण्याची अब्रू हा शब्द आयुष्याहून जड, नवरे आणि भाऊ कोठडीत, आणि दारात कोणी परगावची शिकलेली बाई येऊन विचारते आहे की काय झाले. तेव्हा तोंड उघडणे म्हणजे काय, हे नुसते मनात आणून पाहावे. नागपूरहून स्त्रियांचे शिष्टमंडळ चिमूरला गेले. डॉ. बा. शि. मुंजे गेले, राजकारणाने काँग्रेसपासून ते फार दूर, तरी त्यांनीही अत्याचारांबद्दल निवेदन केले. सरकारचे म्हणणे एकच: चौकशीची गरज नाही. आणि या म्हणण्याला जोड म्हणून प्रसिद्धीबंदी.

चिमूरची खरी पहिली बातमीदार म्हणजे या बायका. पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना कोणी जागा देत नाही, कारण त्यांनी काही लिहिले नाही. बातमी मात्र त्यांच्याच तोंडून निघाली.

तोंडातून निघालेली बातमी कागदावर उतरायची ती कशी? भूमिगत वृत्तपत्र म्हटले की डोळ्यांपुढे गुप्त छापखाना येतो. बेचाळीसच्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तो नव्हता. होते ते सायक्लोस्टाइल. मेण चढवलेला पातळ कागद घ्यायचा, टोकदार लेखणीने त्यावर कोरून लिहायचे, म्हणजे जिथे अक्षर तिथले मेण खरवडले जाते. मग तो कागद चौकटीत ताणून बसवायचा, शाईचा रूळ वरून फिरवायचा. खरवडलेल्या रेघांतून शाई खालच्या कोऱ्या कागदावर झिरपते. एक स्टेन्सिल चांगले निघाले तर काहीशे प्रती, नाहीतर लवकरच फाटते. फाटले की सगळे पुन्हा कोरा. मराठीचे टंकयंत्र त्या काळी दुर्मीळ, आणि असले तरी त्याच्या अक्षरावरून यंत्र ओळखू यायचे. म्हणून हाताने कोरायचे आणि आपले अक्षर आपल्यासारखे दिसणार नाही असे वळवायचे. शाई बोटांवरून दोन दोन दिवस जात नाही. छाप्यात पोलीस कपाटे पाहत, तसे हातही पाहत.

ज्यांच्याकडे यंत्र नव्हते ते कार्बन कागद घालून चार-चार प्रती हाताने लिहीत. एक प्रत ज्याला मिळेल त्याने आणखी चार करायच्या. लोक याला ‘बुलेटिन’ म्हणत, ‘पत्रक’ म्हणत. ‘वृत्तपत्र’ असा भारदस्त शब्द कोणी वापरत नसे. त्यावर संपादकाचे नाव नसे, छापखान्याचे नसे, वर्गणी नसे, जाहिरात नसे. अंक क्रमांक असला तरी पुढचा अंक निघेल याची खात्री नसे.

महाराष्ट्रातले मोठे मोठे लोक या कामात उतरले होते. एस. एम. जोशी दाढी वाढवून मुसलमानी वेषात वावरत. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन पोलिसांना अखेरपर्यंत सापडले नाहीत. साने गुरुजी भूमिगत राहून पत्रके लिहीत आणि गावोगाव फिरत; एप्रिल १९४३ मध्ये ते मुंबईत पकडले गेले. राममनोहर लोहिया आणि अरुणा असफ अली यांनी ‘इन्किलाब’ चालवला. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती पुढेही गाजली. ज्यांनी त्यांचे मजकूर मेणकागदावर कोरले, रात्रभर रूळ फिरवला आणि सकाळी भाजीच्या टोपलीतून गठ्ठे पोचवले, त्यांच्यापैकी बहुतेक जण पुढे कुठे शिक्षक झाले, कुठे कारकून, कुठे गृहिणी. म्हातारपणी नातवंडांनी विचारले तर सांगितले, नाहीतर तेही नाही.

खाप्यासारख्या गावात बातमी कशी पोचत असेल याचाही विचार इथे करायला हवा. कन्हानच्या काठचे हे जुने विणकरांचे गाव. १८६७ पासूनची नगरपालिका, कोष्ट्यांचे माग, आणि पलीकडे गुमगावच्या मँगेनीजच्या खाणी. म्हणजे निव्वळ शेतीवर जगणारे खेडे ते नव्हते. सुताच्या आणि लुगड्यांच्या व्यवहारामुळे अशा गावाचा नागपूरशी राबता असतो, आणि राबता असतो तिथे बातमी जातेच. युद्धाच्या त्या वर्षांत सूत महाग झाले, दुर्मीळ झाले, पुढे १९४३ मध्ये कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रण आले. मागावर बसणाऱ्याला युद्ध दूरचे राहिले नव्हते. अशा गावांतून वर्तमानपत्र एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. बातमी छापील आहे की हाताने लिहिलेली, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाही. वाचणारा भरवशाचा आहे ना, एवढेच तो पाहतो. आणि जिथे वाचणारा नसे तिथे भजनाचा फड असे. सरकारलाही हे कळत होते. तुकडोजी महाराजांना ऑगस्टच्या अखेरीला चांद्यात पकडून तुरुंगात टाकले ते उगीच नाही.

आता मुंबई.

गोवालिया टँकच्या सभेनंतर पाच-सहा दिवसांत काही तरुणांनी ठरवले की पत्रके पुरे पडणार नाहीत, रेडिओ हवा. उषा मेहता तेव्हा एम.ए.चा अभ्यास करत होत्या. सुरतजवळच्या सरस गावचा जन्म, २५ मार्च १९२०. वडील इंग्रजी अमलातले न्यायाधीश. ते निवृत्त झाल्यावरच मुलीला चळवळीत मोकळेपणी उतरता आले. सोबत बाबूभाई खाखर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांनी साहित्य दिले. २७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीजवळच्या एका इमारतीतून पहिले प्रक्षेपण झाले. ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ, हिंदुस्थानातून कुठूनतरी, अशी घोषणा होई. ‘कुठूनतरी’ हाच त्यांचा पत्ता. सुरुवातीला ‘हिंदुस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, आणि मध्ये बातम्या, इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत. लोहिया, अच्युतराव यांची भाषणेही त्यावरून जात.

रेडिओला वृत्तपत्र म्हणावे काय, असा प्रश्न कोणी काढील. पण त्यांचे रोजचे काम पाहिले तर ते पुरते वृत्तपत्राचे आहे. देशभरातून निरोपे येत. कोणी चिठ्ठी आणी, कोणी तोंडी सांगे. आलेले ताडून पाहायचे, लिहून काढायचे, भाषा घासायची आणि ठरल्या वेळेला वाचायचे. पोलिसांची शोधगाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून दर काही दिवसांनी बिऱ्हाड हलवायचे. चौपाटीचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडचे अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. सव्वादोन-अडीच महिन्यांत एवढ्या जागा. ध्वनिक्षेपक म्हणजे खिशात घालून न्यायची वस्तू नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हलवाहलवीत काय जीव टांगणीला लागत असेल ते कळते.

आणि या रेडिओवरून आष्टी-चिमूरची हकिकत गेली. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाचे बंड यांच्या जोडीने आष्टी आणि चिमूर इथल्या अत्याचारांचे सविस्तर वर्णन आपण दिले, असे उषाबेननी पुढे आवर्जून सांगितले आहे. वृत्तपत्रांना हात लावण्याची सोय नव्हती अशा या बातम्या. वरोऱ्याच्या रस्त्याने, वर्ध्याच्या रेल्वेने, कोणाच्या पदराखालून, कोणाच्या टोपीतून ती हकिकत गिरगावात पोचली असेल. नेणाऱ्याचे नाव कुठे लिहिलेले नाही, आणि लिहिलेले नसणे हेच त्याच्या कामाचे कौशल्य.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलिसांनी पॅराडाइज बंगल्याची दारे फोडली. आतलाच एक तंत्रज्ञ फुटला होता. ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती, ती थांबवा म्हणून पोलीस ओरडत होते, उषाबेननी थांबवली नाही. मग कित्येक महिने चौकशी, आणि पुढे खास न्यायालयात खटला. प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय, एवढे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. नाही, म्हटल्यावर त्या शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मे १९४३ मध्ये निकाल लागला: बाबूभाई खाखर पाच वर्षे, उषा मेहता चार वर्षे, चंद्रकांत झवेरी एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाबेन येरवड्यातून बाहेर आल्या १९४६ मध्ये. पुढे त्यांनी मुंबईत राज्यशास्त्र शिकवले, मणिभवन सांभाळले. १९९८ मध्ये पद्मविभूषण झाल्या आणि ११ ऑगस्ट २००० रोजी वारल्या.

या सगळ्यात एक गोष्ट फार विलक्षण आहे. काँग्रेस रेडिओवरून काय बोलले गेले ते आज आपल्याला शब्दशः वाचता येते. त्याचे श्रेय पोलिसांना. मुंबई पोलिसांची माणसे रोज तो रेडिओ लावून बसत आणि जे ऐकू येईल ते उतरवून घेत, कारण खटल्यात पुरावा लागणार होता. त्या नोंदी दप्तरात राहिल्या. अलीकडे उषा ठक्कर यांनी त्यांच्या आधारे काँग्रेस रेडिओवर पुस्तक लिहिले. भूमिगत बातमीदार स्वतःचे कागद जाळतो. त्याला जाळावेच लागतात. ज्याने त्याला दाबले त्याच्याच कपाटात त्याचा मजकूर शाबूत सापडतो. सायक्लोस्टाइलच्या पत्रकांचेही तसेच. ज्या प्रती लोकांनी जपून ठेवल्या त्यांतल्या बहुतेक वाळवीने खाल्ल्या. जप्त झालेल्या काही मात्र फायलींत टिकल्या.

ज्या दिवसांत उषाबेन पकडल्या गेल्या त्याच दिवसांत भन्साळींचे उपोषण सुरू झाले. आधी ते दिल्लीला गेले, लोकनायक बापूजी अण्यांच्या दाराशी. अणे यवतमाळचे, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. विदर्भातला माणूस विदर्भातल्या बायकांसाठी चिमूरला येईल, चौकशी मागेल, असे भन्साळींना वाटले होते. ते झाले नाही. पोलिसांनी भन्साळींना तिथून हलवले. ते परत वर्ध्याकडे आले, चिमूरच्या वाटेने पायी निघाले, पुन्हा अडवले गेले. ११ नोव्हेंबरपासून अन्न बंद. अण्यांबद्दल इथे कठोर लिहिणे सोपे आहे, पण पुढच्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी पदाचा राजीनामा दिला, तेही त्याच नोंदीत लिहायला हवे.

सरकारने आता आणखी एक पाऊल टाकले. चिमूरवर बंदी होतीच, भन्साळींच्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आली. एक माणूस बातमी दडपल्याच्या विरोधात मरायला टेकला आहे, आणि तो मरायला टेकला आहे ही बातमीसुद्धा द्यायची नाही. इथे एवढे दिवस नियम पाळून चालणाऱ्या वृत्तपत्रांचा संयम सुटला. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने ठरवले की ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या पत्रांनी अंक काढायचा नाही. नववर्षाच्या किताबांची यादी छापायची नाही. राजभवनांची परिपत्रके आणि सरकारी मंडळींची भाषणे, निर्णयाचा भाग सोडून, छापायची नाहीत. ज्यांची नावे रावबहादुर म्हणून झळकायची होती त्यांचा सकाळचा चहा हिरमोडाचा झाला असणार. पण ज्या वाचकाला त्या दिवशी पेपरच मिळाला नाही त्याने विचारले असेल, का नाही? आणि कोणीतरी उत्तर दिले असेल: चिमूर.

१२ जानेवारीला बंदी उठली आणि भन्साळींनी उपास सोडला. १६ ऑगस्टपासून मोजले तर १४९ दिवस. चौकशी काही झाली नाही, हे सांगितले पाहिजे. बातमी मोकळी झाली, न्याय नाही. पण मोकळ्या झालेल्या बातमीने पुढचे एक काम केले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झालेल्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी जी मोहीम चालवली, तिला देशभर ऐकणारे कान मिळाले. ऑगस्ट १९४५ मध्ये उरलेल्या सात जणांची फाशी टळली. दडपलेल्या बातमीवर अशी मोहीम उभी करता आली नसती.

जगात इतरत्र याच वर्षांत हेच काम चालले होते, आणि त्याचे स्मरण कसे केले जाते हे पाहण्याजोगे आहे. प्रागचा यूलियस फुचिक हा ‘रूदे प्राव्हो’ या पत्राचा भूमिगत संपादक. एप्रिल १९४२ मध्ये तो गेस्टापोच्या हाती सापडला. पांक्राच तुरुंगात त्याने कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहिले आणि कोलिन्स्की नावाच्या पहारेकऱ्याने ती चिटोरी एक एक करून बाहेर नेली. ८ सप्टेंबर १९४३ ला बर्लिनमध्ये त्याला फाशी दिले. ८ सप्टेंबर हा दिवस पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय एकजुटीचा दिवस म्हणून पुढे पाळला जाऊ लागला. फ्रान्समध्ये ‘काँबा’चे लेखन आल्बेर काम्यू टोपणनावाने करत होता. हॉलंडमधली ‘हेत पारोल’ आणि ‘त्राऊ’ ही भूमिगत पत्रे युद्धानंतर उघड दैनिके झाली आणि आजही निघतात.

तुलना जपून करावी. नाझींच्या हाती सापडलेल्या बातमीदाराला खटल्याचा आधार बहुधा नसायचा. उषाबेनना वकील मिळाला, गप्प राहण्याचा हक्क मिळाला. मात्र हिटलरविरुद्ध स्वातंत्र्याच्या नावाने लढणारे तेच साम्राज्य चिमूरच्या बायकांचे बोलणे छापू देत नव्हते, ही गोष्ट त्या तुलनेने पुसली जात नाही. फुचिकच्या कथेतली आपल्यासाठी मोलाची व्यक्ती कदाचित फुचिक नाहीच; तो पहारेकरी आहे. कोलिन्स्कीचे नाव टिकले, कारण कोणीतरी ते मुद्दाम टिपून ठेवले. आपल्याकडचे कोलिन्स्की टिपायचे राहिले.

खरे तर अजून सगळेच गेलेले नाही. ऑगस्ट क्रांतीच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते त्यांच्यातले काही थोडे नव्वदी ओलांडून आहेत. पत्रक लिहिणारे ते नव्हते, पण पत्रक पोचवायला पोरांचा उपयोग होई. पोराची झडती घेत नसत. एखाद्या आजोबांना कोणी विचारले तर ते पुढाऱ्यांची नावे सांगू लागतात, कारण विचारणाऱ्याला तीच हवी असतात असे त्यांना वाटते. त्यांना वेगळे विचारावे. पत्रक कोणाच्या घरून उचलले? कशात गुंडाळले होते? वाचून कोण दाखवी? ते नंतर चुलीत घातले की भिंतीच्या फटीत?

आणि कागद. खापा, सावनेर, मोवाड, काटोल या पट्ट्यातल्या जुन्या घरांत लाकडी पेट्या आहेत, पेट्यांच्या तळाशी वर्तमानपत्राचे अस्तर आहे, जमाखर्चाच्या वह्या आहेत, लग्नपत्रिका आहेत. घर पाडायच्या वेळी हे सगळे रद्दीत जाते. तसे होण्याआधी एकदा चाळून पाहावे. सायक्लोस्टाइलचा कागद ओळखता येतो: अक्षर छापील नसते, हाताचे असते, पण शाई दौतीतल्या शाईसारखी पसरलेली नसते, रेघ कडेला बारीक तुटलेली असते, कागद खरबरीत, पिवळा पडलेला, वर नाव नाही, खाली पत्ता नाही. असा एखादा हाती लागला तर त्याची घडी मोडीच्या दिशेनेच हळू उलगडावी, दोन्ही बाजूंचा उजेडात फोटो काढावा, कोणाच्या घरात आणि कशात सापडला ते वेगळ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहावे. त्याला चिकटपट्टी लावू नये. प्रेमापोटी लोक असे कागद दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणतात. गरम प्लास्टिकच्या दोन थरांत जुना कागद कायमचा अडकतो आणि आतल्या आत जळत जातो, मग कुठल्याही अभिलेखागारातल्या माणसाला तो सोडवता येत नाही. साधे पाकीट पुरे, आणि वर ठेवायला एक जाड वही.